तीन ॲप, तीन उत्तरं आणि दिंडोरीतली एक द्राक्षबाग

दिंडोरी तालुक्यातल्या एका तरुण बागायतदाराने प्रश्न विचारला आहे. बाग फुलोऱ्यात होती आणि मोबाइलवर तीन ॲप. एक म्हणालं उद्या ६० टक्के पाऊस, दुसरं म्हणालं पाऊस नाही, तिसऱ्याने संध्याकाळी पाचच्या पुढे ढगाचं चित्र काढून ठेवलं. याने पावसाच्या धास्तीने फवारणी उरकली तर थेंबही आला नाही, औषध आणि मजुरी अंगावर पडली. पुढच्या खेपेला थांबला, तर पहाटे भुरभुर झाली आणि आठवड्याभरात घडांवर डावणी ही बुरशी दिसली. "अंदाज नेमका काढतात कसा, आणि आम्ही भरवसा कोणावर ठेवायचा?"

माझी नोकरीची बहुतेक वर्षं वेधशाळेत गेली. तापमापक वाचायचा, पर्जन्यमापकातलं पाणी मोजायचं, मान वर करून ढग कुठला आणि किती आभाळ व्यापून आहे ते लिहायचं. निवृत्तीनंतर नाशिकला राहतो, आणि ऑक्टोबरची छाटणी झाली की द्राक्षवाल्यांचे फोन सुरू होतात. त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही. उत्तर मात्र लांबेल.

आधी त्या ॲपचं बघू. तुम्ही गावाचं नाव टाकता, पडद्यावर गावाचं नाव येतं आणि खाली तासातासाचा पाऊस. साहजिकच वाटतं की कोणीतरी आपल्या गावापुरता विचार केला असेल. तसं काही झालेलं नसतं. जगभरात मोजकी मोठी गणिती मॉडेल्स चालतात. ती पृथ्वीवर चौकड्यांची जाळी टाकतात आणि एका चौकडीला एकच उत्तर देतात. आपल्या हवामान खात्याच्या जागतिक मॉडेलची चौकडी बरीच वर्षं १२ किलोमीटरची होती. म्हणजे १४४ चौरस किलोमीटर, साधारण साडेपस्तीस हजार एकर. तेवढ्या सगळ्या रानाला एक आकडा. मे २०२५ मध्ये पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने तयार केलेली 'भारत फोरकास्ट सिस्टीम' सुरू झाली, तिची चौकडी ६ किलोमीटरची आहे. युरोपच्या मॉडेलची सुमारे ९. ॲपवाले यांतलं एखादं उत्तर घेतात, तुमच्या गावाशेजारच्या चौकड्यांमधून सरासरी काढतात आणि गावाच्या नावाखाली छापतात. तीन ॲपची तीन उत्तरं आली ती बहुधा मॉडेल वेगळी म्हणून, किंवा एकाने सकाळचं गणित घेतलं आणि दुसऱ्याने आदल्या रात्रीचं म्हणून. यात कोणी खोटारडा नाही. पण गावाच्या नावाचा जो रुबाब आहे, तो मनातून काढून टाका.

आता हे गणित कशावर चालतं? हवा म्हणजे शेवटी वजन असलेला वायू. ऊन जमीन तापवतं, जमीन हवा तापवते, तापलेली हवा हलकी होऊन वर जाते, तिथे दाब कमी म्हणून ती पसरते आणि पसरताना थंड होते. कोरडी हवा एक किलोमीटर वर गेली की जवळपास १० अंशांनी थंड होते. थंड हवेत वाफ कमी मावते, उरलेल्या वाफेचे थेंब होतात आणि ढग तयार होतो. ढग झाला की वाफेतली उष्णता बाहेर पडते, तीच हवेला आणखी वर रेटते. म्हणूनच मे महिन्यात दुपारी दोनला कोबीच्या गड्ड्याएवढा दिसणारा ढग चार वाजेपर्यंत डोंगराएवढा होतो. हे सगळे नियम समीकरणांत मांडता येतात. अडचण वेगळीच आहे: समीकरण सोडवायचं तर आत्ता, या क्षणी, सगळीकडची हवा कशी आहे ते माहीत हवं.

त्यासाठीच आमची ती सगळी धडपड. सकाळी साडेआठला देशभरातल्या वेधशाळा एकाच वेळी नोंद घेतात. पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या वेळांसाठी मुंबईसारख्या ठिकाणांहून फुगे सुटतात. फुग्याखाली लोंबणारी छोटी पेटी तीसेक किलोमीटर वर जाईपर्यंत तापमान, दमटपणा आणि वारा कळवत राहते, मग फुगा फुटतो. इन्सॅट मालिकेतले उपग्रह वरून ढगांचे आणि वाफेचे फोटो पाठवतात. त्यातला ३डीएस फेब्रुवारी २०२४ मध्ये अवकाशात गेला. शिवाय विमानं, जहाजं, समुद्रातल्या तरत्या बोया. या सगळ्यातून आजच्या हवेचं चित्र जुळवतात. पुण्यात 'अर्क' आणि नोएडात 'अरुणिका' नावाचे महासंगणक आहेत, ते हे चित्र काही मिनिटांच्या पावलांनी पुढे ढकलत नेतात. १९२२ मध्ये रिचर्डसन नावाच्या इंग्रज गणित्याने हेच काम हाताने करायचं म्हटलं, तर चौसष्ट हजार माणसं एका मोठ्या सभागृहात बसवावी लागतील असा हिशेब केला होता. माझ्या मते तो हिशेबही त्याने आशेने कमीच धरला होता.

पण आजचं चित्र कधीच पूर्ण नसतं. सह्याद्रीच्या दऱ्यांत कोण फुगे सोडणार? अरबी समुद्रावर वेधशाळा कुठून आणणार? सुरुवातीच्या चित्रातली छोटी चूक पुढे फुगत जाते. १९६१ मध्ये लॉरेन्झ या अमेरिकन शास्त्रज्ञाने संगणकात एक आकडा तीनच दशांश स्थळांपर्यंत टाकला आणि बाहेर आलेलं हवामान आधीच्यापेक्षा पार वेगळं निघालं. पुढे बहुतेकांनी मान्य केलं की रोजच्या हवेचा अंदाज दोन आठवड्यांच्या पलीकडे ताणता येत नाही. म्हणून आता एकच गणित न करता सुरुवात किंचित किंचित बदलून तेच गणित पन्नास वेळा करतात. पन्नासपैकी तीस वेळा तुमच्या चौकडीत पाऊस आला, तर ६० टक्के.

तुमचा तो ६० टक्के म्हणजे हा. अशा शंभर दिवसांपैकी साठ दिवशी पाऊस पडतो, चाळीस दिवशी नाही. तुमचा दिवस चाळिसातला निघाला. साठ टक्के रानावर पडेल किंवा दिवसाचा साठ टक्के वेळ पडेल, असा अर्थ त्यातून काढू नका. आणि किती पडेल हे त्या आकड्यात अजिबात नाही.

किती आणि कुठे, हे वाचायचं तर खात्याची पत्रिका बघा. तिथली भाषा रुक्ष आहे, पण प्रत्येक शब्द मोजून ठेवलेला आहे. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागातल्या पाव किंवा त्याहून कमी केंद्रांवर. 'काही ठिकाणी' म्हणजे निम्म्यापर्यंत, 'अनेक ठिकाणी' म्हणजे पाऊणपर्यंत आणि 'बहुतांश' म्हणजे त्याहून जास्त. 'हलका पाऊस' म्हणजे चोवीस तासांत साडेपंधरा मिलिमीटरपर्यंत, 'जोरदार' म्हणायला साडेचौसष्ट ओलांडावे लागतात, 'अति जोरदार' एकशे पंधराच्या पुढे, आणि दोनशे चारच्या पुढे 'अतिवृष्टी'चा वरचा वर्ग. चोवीस तास मोजतात सकाळी साडेआठ ते साडेआठ. पहाटे चारला भुरभुर झाली तर ती आदल्या दिवसाच्या अंदाजात मोजली जाते, हे माहीत नसल्याने मी कितीतरी भांडणं ऐकली आहेत. पिवळा रंग म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. वर्तमानपत्रात पिवळ्यालाही 'इशारा' आणि लालालाही 'इशारा' छापून येतं, तिथे सगळा घोळ.

आता 'तुरळक ठिकाणी हलका पाऊस' हे वाक्य फुलोऱ्यातल्या बागेच्या नजरेने वाचा. चारातल्या एका गावात दोन-पाच मिलिमीटर. भाताला हे काहीच नाही. डावणीला एवढं भरपूर होतं, कारण तिला पाऊस किती यापेक्षा पान आणि घड किती तास ओले राहिले याच्याशी मतलब. म्हणजे अंदाज बरोबर आला तरी तुमचं नुकसान होऊ शकतं.

म्हणून भरवसा कोणावर, यापेक्षा मी हिशेब विचारतो. समजा फवारणीचा एकरी खर्च तीन हजार आणि ती चुकल्यामुळे रोग आला तर नुकसान साठ हजार. तीन हजाराला साठ हजाराने भागा: पाच टक्के. पावसाची शक्यता पाच टक्क्यांच्या वर गेली की फवारणी परवडते, पाऊस न येताही. तुमची पहिली फवारणी 'वाया' गेली म्हणता, ती वाया गेली नाही. तो विम्याचा हप्ता होता. याच्या उलट, कांदा काढणी दोन दिवस पुढे ढकलायला जवळपास काहीच खर्च नसेल, तर वीस टक्क्यांवरही थांबावं. आणि खर्चिक काम, उदाहरणार्थ पिकत आलेल्या बागेवर घाईने प्लास्टिक चढवणं, ते साठ-सत्तर टक्के दिसल्याशिवाय करू नये. एकाच अंदाजावर शेजारच्या दोन शेतकऱ्यांनी उलट निर्णय घेतले आणि दोघंही बरोबर, असं होऊ शकतं. तुमचे आकडे तुम्ही टाका, माझे उदाहरणापुरते आहेत.

आपल्या जिल्ह्याचं एक वेगळं दुखणं आहे. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस. तिथून पन्नासेक किलोमीटरवर नाशिक शहरात सातशेच्या आसपास. आणखी पूर्वेला येवला, मालेगावकडे पाचशेच्या घरात. समुद्रावरून आलेली ओली हवा कसाऱ्याच्या भिंतीवर आपटते, वर चढते, तिथेच रिकामी होते. अलीकडे उतरताना ती पुन्हा तापते आणि ढग विरतात. 'नाशिक जिल्ह्यात जोरदार पाऊस' हे वाक्य म्हणूनच अर्धवट असतं, आणि म्हणूनच खातं हल्ली घाटाचा इशारा वेगळा देतं. पावसाळ्यात 'नाशिक घाट' लाल आणि बाकी नाशिक पिवळं दिसलं तर गोंधळू नका. शहरात ऊन पडलेलं असतं आणि गोदावरीच्या पात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती बुडत असते, ते यामुळेच: पाऊस त्र्यंबकला पडलेला असतो आणि पाणी गंगापूर धरणातून सुटलेलं असतं.

थंडीचंही तसंच. निफाडचा पारा घसरला की बातमी होते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा राज्यात पुष्कळदा सगळ्यात खालचा असतो. हवा कोरडी, आभाळ निरभ्र, वारा पडलेला, अशा रात्री जमीन आपली उष्णता थेट आकाशात फेकते. थंड झालेली हवा जड, ती पाण्यासारखी उताराने सखल रानात येऊन साचते. आणि लक्षात घ्या, तो आकडा जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर, पांढऱ्या लाकडी झडपांच्या पेटीत मोजलेला असतो. जमिनीलगत गवतावर दोन-चार अंश कमीच असतात. निफाडला ५ अंश छापून आलं त्या सकाळी एखाद्या खोलगट वावरात दहिवर गोठलं असेल तर नवल नाही. रात्री ढग आले किंवा वारा सुटला की हे सगळं थांबतं. ढग म्हणजे रानावर टाकलेली गोधडी. पहाटे ठिबक सोडण्याचा सल्ला देतात त्यामागेही हेच: विहिरीचं पाणी त्या वेळी हवेपेक्षा उबदार असतं, आणि ओली जमीन उष्णता धरून ठेवते.

गारपिटीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण विचाराल. फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट आणि नोव्हेंबर २०२३ च्या अखेरची निफाड-दिंडोरीकडची, दोन्ही इथे कोणी विसरलेलं नाही. गार पडायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात. खाली ओली, उबदार हवा. वर उत्तरेकडून उतरलेली बोचरी थंड हवा. आणि दोघींना ढवळणारं काहीतरी. ढगातला वर जाणारा झोत थेंबांना चार-साडेचार किलोमीटरच्या वर, गोठणरेषेपलीकडे नेतो आणि तिथे झेलत ठेवतो. गार थरावर थर चढवत जाते आणि झोताला पेलवेनाशी झाली की खाली येते. हे तीन घटक जुळतायत हे दोन-तीन दिवस आधी दिसतं, म्हणून 'उत्तर महाराष्ट्रात गारपिटीची शक्यता' एवढं सांगता येतं. पण एकेक ढग काही किलोमीटर रुंद आणि त्याचं आयुष्य बहुतेकदा तासाभराचं. तो मोहाडीवर फुटेल की पिंपळगावावर, हे दोन दिवस आधी सांगणारा माणूस तुम्हाला फसवतोय. माझा आग्रह आहे, अशा माणसाला पैसे देऊ नका.

तीन तास आधी मात्र सांगता येतं, रडारवरून. इथे नाशिकची एक अडचण आहे, फारशी कोणी बोलत नाही. मुंबईची रडार इथून हवाई अंतराने दीडशेक किलोमीटर. पृथ्वी गोल असल्याने रडारचा सगळ्यात खालचा किरणही इथे पोहोचेपर्यंत समुद्रसपाटीपासून अडीच किलोमीटर उंच गेलेला असतो, वाटेत सह्याद्री आहेच. म्हणजे आपल्या रानाच्या वर दोन किलोमीटरपर्यंत काय चाललंय ते त्या रडारला दिसत नाही. मोठा गडगडाटी ढग दिसतो, कारण तो दहा-बारा किलोमीटर उंच असतो. पहाटेची भुरभुर खालच्या पसरट ढगातून येते, ती त्या रडारला दिसत नाही. तुम्हाला चकवणारी होती ती हीच.

माझीही एक चूक सांगतो. एका एप्रिलमध्ये मेहुण्याचा उन्हाळ कांदा काढून वावरात पातीखाली पडला होता. त्याने फोन केला, मी सकाळचा नकाशा बघून ठामपणे म्हणालो, "काही नाही, ढग नगरकडे सरकतील, ढीग करून पोळ घालायची घाई करू नकोस." दुपारी साडेतीनला सिन्नरच्या डोंगरावर नवाच ढग उभा राहिला. सकाळी तो अस्तित्वातच नव्हता. वीस मिनिटांत कांदा भिजला. मेहुणा काही बोलला नाही, पण त्यानंतर दोन वर्षं घरी कांद्याची गोणी आली नाही. वळवाच्या दिवसांत सकाळच्या अंदाजावर दुपारचं काम सोपवायचं नाही, एवढं मी त्यातून शिकलो. बारा वाजता एकदा आभाळ बघायचं, तीनला पुन्हा.

आजोबा नक्षत्रांवर चालायचे, तेही वेडे नव्हते. नक्षत्रं सूर्याच्या चालीवर आहेत, म्हणून मृग दरवर्षी ७-८ जूनला लागतो आणि हस्त सप्टेंबरच्या शेवटी. हस्ताचा म्हणजेच हत्तीचा पाऊस गडगडाट करत येतो, कारण तेव्हा मान्सून परतत असतो. नक्षत्रं म्हणजे शेकडो वर्षांची सरासरी. यंदाचं ती सांगू शकत नाहीत. वाहन बेडूक आहे की हत्ती, याबद्दल मी काही बोलत नाही, घरात शांतता हवी आहे. एप्रिलमध्ये येणारा 'सरासरीच्या अमुक टक्के मान्सून' हाही पूर्ण देशाचा, चार महिन्यांचा आकडा असतो. त्यावर विहिरीचा गाळ काढायचा की नाही ते ठरवा, फवारणी नको.

मोबाइलमध्ये वायुदाब दिसत असेल तर एक खुबी. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशेक मीटरवर आहे, त्यामुळे इथे खरा दाब ९४५ हेक्टोपास्कलच्या आसपास असतो. बातम्यांतला १०१० हा समुद्रसपाटीला उतरवलेला. आणि आपल्याकडे दाब रोज भरती-ओहोटीसारखा हलतो: सकाळी दहाला चढलेला, दुपारी चारला उतरलेला. चारला आकडा पडला म्हणून वादळ येतंय असं समजून घाबरलेले लोक मी पाहिले आहेत. आजच्या चारची तुलना कालच्या चारशी करा.

तुम्ही काय करावं ते सांगतो. पाच दिवसांचा कल बघायला मेघदूत ॲप आणि दर मंगळवारी-शुक्रवारी येणारी जिल्ह्याची कृषी हवामान पत्रिका. आदल्या संध्याकाळी खात्याचा जिल्हा इशारा. त्या दिवशी दुपारी उपग्रहाचं चित्र आणि स्वतःचे डोळे. विजेसाठी दामिनी ॲप. जसजशी वेळ जवळ येईल तसतसं जुनं उत्तर टाकून नवीन घ्यायचं. सोमवारी बघितलेला गुरुवार बुधवारी धरून बसू नका. तीनऐवजी एकच ॲप ठेवा, पण हंगामभर तेच, म्हणजे ते कुठल्या बाजूला चुकतं ते तुम्हाला कळेल.

त्यासाठी वही लागते. बागेत, झाडं आणि शेडपासून दूर, सरळ कडांचा डबा ठेवा. वरून खालपर्यंत रुंदी सारखी हवी, बाटली चालणार नाही. रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाणी मोजा. डब्याचं तोंड लहान असो की मोठं, पट्टीवरचा मिलिमीटर तोच पाऊस. एक मिलिमीटर म्हणजे एकरावर चार हजार लिटर पाणी. शेजारच्या रकान्यात आदल्या दिवशीचा अंदाज, आणि पान कितीला सुकलं ती वेळ. महसूल मंडळाच्या स्वयंचलित केंद्राचा आकडा मिळाला तर तोही लिहा, फळपीक विमा त्या केंद्रावर ठरतो आणि तुमच्या डब्याशी त्याचा फरक किती असतो ते माहीत असलेलं बरं.

आणि कृपा करून, गडगडायला लागलं की बागेतून बाहेर या. लोखंडी अँगल आणि त्यावर एकरभर ताणलेली तार, याहून विजेला सोयीची जागा शोधून सापडणार नाही. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजा, तीन सेकंदाला एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला की हातातलं काम तिथेच सोडायचं, डिपिंगचा, म्हणजे घड औषधात बुडवायचा, मग हातात असला तरी. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आत थांबायचं.

मार्चपर्यंत वही भरली की मला फोन करा. त्या बाजूला येणं झालं तर बघायला येईन, डबा नीट ठेवलाय का तेही बघतो.